सागाला गुंडाळलेला निळा पत्रा

चाचा, तो पत्रा अजून तिथेच आहे.

परवा सकाळी जाऊन पाहून आले. तलावाची पाळ संपते तिथून जंगलात शिरणारी पायवाट, ती जिथे दुभंगते तिथून डावीकडे, चौथा साग. तुम्ही ज्या जागी बोटानं धूळ पुसली होती, तिथे पुन्हा धूळ बसली आहे. मी ती पुसली नाही. माझ्याकडच्या फोटोत तुमच्या बोटाची रेघ आहे, तेवढी मला पुरे.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्या अंगणात रोज माणसं येऊन बसतात. हमीद मिस्त्रीसारखा पत्रे बसवणारा पुन्हा व्हायचा नाही, असं चामोर्शीपासून आरमोरीपर्यंतचे लोक सांगतात. मी चाचींजवळ बसते, ऐकते, रिकामे कप आत नेते. बोलत नाही. तुम्हाला ते नवं नाही. समोरच्या घरातली ही मुलगी चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आली की आठ-आठ दिवस एक वाक्य बोलायची नाही. तुम्ही तिला पत्र्यांच्या चळतीवर बसवून हातात खडू द्यायचा. पत्र्यांवर ‘डावा’, ‘उजवा’, ‘मधला’ असं लिहायचं काम माझं. एकदा मी इंग्रजीत लिहिलं, तर तुम्ही खडू काढून घेतलात. म्हणालात, "मराठीत लिही बेटा. माह्या पत्र्याले इंग्रजी येत नाई, उलटा बसन थो."

माझं मराठी त्या पत्र्यांवर सुरू झालं. म्हणून हेही मराठीतच लिहिते आहे.

गेल्या महिन्यात मी गावासमोर एकच शब्द बोलले आणि त्या शब्दासरशी सगळ्या माना तुमच्याकडे वळल्या. तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत आपण दोघं त्या एका शब्दाशी भांडत होतो. भांडण अर्धवट राहिलं, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

त्या दुपारी तलावाकाठच्या त्या गावात तुम्ही नव्हता आणि मीही नव्हते. आपण दोघांनी ते वारं दुसऱ्यांच्या डोळ्यांनीच पाहिलं. तेंदूपत्ता तोडून पुडे बांधायचे, उन्हाळ्याचे दिवस होते. तलावापलीकडच्या जंगलातून कडाकड झाडं मोडल्याचा आवाज आला. त्या गावाला तो आवाज ओळखीचा होता. चार-पाच वर्षांपासून रानहत्ती त्या बाजूला येतात, झाडं मोडतात, झोपड्यांतला मोह आणि धान हुंगत येतात. म्हणून गावानं स्वतःच एक रीत ठरवली होती. झाडं मोडल्याचा आवाज आला की एका बाईनं थाळी वाजवायची, आणि बायका-मुलांनी कुडाची घरं सोडून धानाच्या गोदामात जायचं. विटांच्या भिंती, त्यांवर लोखंडी कैच्यांचा सांगाडा, वर पत्रे. हत्तीला ते गोदाम ढकलता येत नाही. छप्पर तुम्ही बसवलेलं.

त्या दिवशी थाळी शेवंताबाईंनी वाजवली. गोदामाची किल्ली बचत गटाकडे होती आणि गटाची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. त्यांचे पती, गोविंदाभाऊ, तेव्हा तलावात लाकडी डोंग्यात बसून जाळं ओढत होते. ते गावाला पाठमोरे नसते तर कदाचित त्यांनाही हत्तीच वाटले असते. त्यांनी समोर पाहिलं तर आभाळातून काळी सोंड खाली आलेली आणि ती जंगल मोडत तलावाकडे येत होती. ते ओरडले. त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही. सोंड तलावावरून गेली, गोदामाच्या पश्चिमेच्या कडेला लागली, आणि छप्पर उठलं; मग ती वळून पुन्हा जंगलात शिरली. आतली सगळी माणसं भिंतीला चिकटून वाचली. दारातल्या शेवंताबाई वाचल्या नाहीत.

हत्तीपासून वाचायला केलेली रीत. वाऱ्यासाठी ती नेमकी उलटी पडली.

वादळाच्या नुकसानीची पाहणी करणारं आमचं पथक आठवड्यानं आलं. मी या भागातली, म्हणून गावाला समजावून सांगायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. मी छप्पर नसलेल्या त्या गोदामात उभी राहिले आणि खाली बघत सांगितलं की अशा वावटळीची ताकद कोणी वाऱ्यात उभं राहून मोजत नाही. ती गेल्यावर काय मोडलं, ते बघून शून्य ते पाच असा आकडा देतात. इथला आकडा सध्या मी एक धरते आहे.

"एक म्हंजे किती वो?" गोविंदाभाऊंनी विचारलं.

"म्हणजे... पाचच्या मानानं कमजोर."

"कमजोर," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. तो शब्द त्यांनी नुसता उच्चारून पाहिला.

मागून कुणी तरी म्हणालं, "कमजोर हवा होती तं गोदामाचं छप्पर काऊन उडालं मॅडम?"

माझ्या हातातल्या तक्त्यात त्याचं उत्तर होतं. नीट बसवलेलं लोखंडी छप्पर एकच्या वाऱ्यात जायला नको. मी ते बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. तुम्ही दारापाशी उभे होता, टोपी काढून हातात धरलेली. सगळे तुमच्याकडे बघत होते. एकटे गोविंदाभाऊ तेवढे जमिनीकडे बघत होते.

मला तो आकडा सांगण्यापूर्वीच माहीत होतं, चाचा, की तो कुणावर जाऊन पडणार. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. आदल्या दिवशी मी तुमच्या दुकानावरून दोनदा गेले आणि दोनदा फोन कानाला लावून बोलत असल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच आमच्या ओसरीवर आलात.

"बेटा, तुया पुस्तकात मोहाचं झाड हाय का?"

"नाही."

"साग?"

"झाडं आहेत. मऊ लाकडाची आणि कठीण लाकडाची, एवढंच."

"कवेलूचं घर? कुडाची भिंत?"

"नाही."

"मंग हाय तरी काय?"

"तिकडची लाकडी घरं. शाळा. मॉल."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजे मॉल पडला असता तं आमची हवा तगडी. झोपडं पडलं तं हवा कमजोर. वा रे हवा! थे बी पाहून-पाहून इज्जत देते."

मला हसू आलं आणि ते दाबायला मी जास्तच कोरडं बोलले. म्हटलं, झोपडी एकच्या वाऱ्यात पडते, तशी ती तीनच्या वाऱ्यातही पडते. पडलेल्या झोपडीकडे बघून वारा एकचा होता की तीनचा, ते कळत नाही. म्हणून निदान एवढा तरी होता, असा आकडा लिहायचा. रिकाम्या शेतावरून कितीही मोठं वारं गेलं, तरी कागदावर ते लहानच राहतं.

"अना त्या कागदानं ज्याच्यावर आळ येते, त्याचं?"

तुम्ही हे मोठ्यानं म्हणाला नाहीत. शेजारी माझे बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटायचं थांबवलं.

"मी कुणासाठी आकडा वाढवू शकत नाही, चाचा."

"वाढवाले कोन म्हन्ते? पाहाले चल म्हनून राह्यलो."

मग मी तुम्हाला ती क्लिप दाखवली. पाळीवरून कुणी तरी मोबाइलवर काढलेली, एकोणीस सेकंदांची. अर्धा वेळ जमीन आणि चप्पल दिसते. पण मधेच धुळीतून एक निळा तुकडा बाहेर येतो, मोहाच्या झाडामागून जातो आणि विजेच्या खांबापाशी पोचून नाहीसा होतो. तुम्ही स्क्रीनवर नाक टेकवलंत. "हा माहा हाय," म्हणालात. गोदामाचे सगळे पत्रे पांढरे, पण शेवटी ते कमी पडले म्हणून पश्चिमेच्या कडेला एक रांग निळी बसवली होती. ती तुमच्या हातची.

मोहापासून खांबापर्यंत जायला त्या पत्र्याला किती वेळ लागला, हे क्लिपवरून मोजता येत होतं. मधलं अंतर टेपनं मोजलं की वेग निघाला असता. अडचण एकच होती. पत्रा कॅमेऱ्यापासून किती दूर होता, ते माहीत नव्हतं. मी हे समजावायला वहीत त्रिकोण काढायला लागले, तर तुम्ही वही बाजूला केलीत. "चिमनी नाकासमोरून गेली तं भुर्रकन गेल्यासारखी वाटते. घार वर आभाळात हळू दिसते. पन जोरात कोन उडते? घार. म्हंजे माहा पत्रा चिमनी होता का घार, थे पाहाचं हाय." मी चार वर्षं शिकून जे काढत होते, ते तेवढंच होतं. पत्रा कुठे पडला ते सापडलं की तो कुठल्या रेषेत उडाला ते कळलं असतं.

म्हणून आपण पत्रा शोधायला निघालो. तुमच्या मोपेडवर, तीन दिवस.

ते तीन दिवस माझ्याकडे आहेत, चाचा. टेपचं एक टोक तुम्ही मोहाच्या बुंध्याला धरलंय, दुसरं मी खांबाला. "ओढ अजून! सरकारी टेप होय, तुटत नाई!" असं तुम्ही तिथून ओरडता आहात. मी म्हणते टेप माझी आहे, आणि तुम्ही म्हणता मग तर अजूनच तुटत नाही. वाटेत हत्तीची लीद दिसली की तुम्ही मोपेड बंद करायचा, कान द्यायचा, बराच वेळ. मी तुमच्या शर्टाची पाठ धरून बसलेली असायचे. "ताजी नाई," म्हणून तुम्ही पुन्हा किक मारायचा. मला वाटायचं, तुम्हाला ताजी आणि शिळी ओळखता येते. चाचींनी परवा सांगितलं, तुम्हाला काही ओळखता येत नव्हतं.

शेतात पडलेले पांढरे पत्रे तुम्ही एकेक उलटून दाखवलेत. पत्रा कैचीला धरून ठेवणाऱ्या हुकाचं हे भोक बघ, लांबट झालं आहे, कड बाहेर फाटली आहे, डांबराच्या वायसरचा काळा डाग अजून आहे. "फाटलेलं भोक म्हंजे हूक लढला. शेवटपर्यंत लढला बिचारा." मी प्रत्येक भोकाचा फोटो घेत होते. तुम्ही मोकळे होत चालला होता. पाठ सरळ होत होती. मी पुस्तकाबाहेरचं काही तरी शिकते आहे, याचा मला इतका आनंद होता की आपण काय शोधतो आहोत हे मधूनच विसरायला व्हायचं.

तिसऱ्या दिवशी आपण जंगलात शिरलो. तिथे जे पाहिलं ते मी घरी कुणाला नीट सांगू शकले नाही. साग उभेच होते, पण फांद्या नव्हत्या, आणि एका बाजूची साल सोलून निघालेली. एक मोह मुळासकट नव्हे, मधोमध पिळून तुटला होता, धुतलेलं लुगडं पिळावं तसा. काही जागी जमिनीवरचं गवतच नव्हतं, नुसती लाल माती. पाखरं ओरडत नव्हती. हे ‘एक’ नव्हतं, ते मला कळलं. भीती होती, पण तिच्यात सुटकाही होती. मी चुकले होते. तुम्ही सुटणार होता.

आणि मग चौथ्या सागाला तो दिसला.

तुम्ही अक्षरशः धावलात. त्याच्यावरची धूळ बोटानं पुसलीत, निळा रंग बघितलात, आणि मला हाक मारलीत. "इकडे ये! पत्र्यावरच्या ह्या लांब नळ्या पाह्य. नळ्यांच्या संगं पत्रा कोनी बी गुंडाळते, लेकरू बी गुंडाळते. हा नळ्या मोडून आडवा गुंडाळला हाय. झाडाच्या भवताल, चिठ्ठीवानी. माह्या चार गड्यांच्यानं हे होत नाई. घार होती बेटा! घार!"

मी घाईघाईनं फोटो घेत होते. जागा नक्की झाली, रेषा नक्की झाली, वळण दिसत होतं. डोक्यात हिशोब बसायला लागला. तीन. निदान तीन. मी कॅमेऱ्यातूनच बघत होते, म्हणून तुम्ही गप्प झाल्याचं मला उशिरा कळलं.

तुम्ही गुडघ्यावर बसून पत्र्याची खालची कड बघत होता. कडेला चार भोकं. एक फाटलेलं, लांबट, काळ्या डागाचं. बाकीची तीन गोल. कडेचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. त्या भोकांत कधीच काही बसवलेलं नव्हतं.

तुम्ही एका भोकात बोट घातलंत. आरपार गेलं. काढून घेतलंत. तेवढ्यात माझ्या कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"घेतला?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"चांगला केला."

परत येताना तुम्ही लिदीपाशी थांबला नाहीत. तलावावर तोंड धुतलंत, खूप वेळ. मी विचारू शकले असते. मोपेडवर अंतर एक वीतभर होतं, तुमचा कान माझ्या तोंडासमोर होता. मी विचारलं नाही, कारण तुम्ही उत्तर दिलं असतं.

तो एक फोटो मी रोज उघडत होते आणि मिटत होते. त्यात पत्र्याचं वळण आहे. ते दाखवलं तर वारा तीनचा ठरतो. त्यातच खालची कड आहे. ती दाखवली तर भोकं रिकामी ठरतात. कड कापून फोटो लहान करता येतो का, तेही मी करून पाहिलं, चाचा. येतो. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त हा पत्रा गोदामाचाच, दुसऱ्या कुठल्या छपराचा नाही, हे त्या भोकांच्या अंतरावरूनच सिद्ध होतं; कड कापली की ती रेषाच हवेत राहते. पत्रा पूर्ण दाखवायचा, नाही तर दाखवायचाच नाही.

पाच दिवसांनी तुम्ही आलात. बाबा घरी नव्हते. मी चहा केला. तुम्ही बशीत ओतलात आणि म्हणालात, "बेटा, थे भोकं..."

मी तुम्हाला पुढे बोलू दिलं नाही. "तो फोटो मी अहवालात घेणारच नाही, चाचा. काळजी करू नका. बाकीच्यांवरून लिहिते."

"मंग तीन कसा लिहिशीन?"

"तीन नाही लिहिता येणार. एक ते दोन लिहीन. मोघम."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. मला वाटलं होतं, तुम्हाला बरं वाटेल. कुणाचं नाव निघणार नाही, कुणाला काही कळणार नाही, दोन पावसाळ्यांत लोक विसरतील. मी तुम्हाला काही तरी देते आहे, असं मला वाटत होतं.

"थो फोटो काढला तं हवा बी गेली अना भोकं बी गेले. मंग शेवंताबाई मेली कायनं?"

मी टेबलावरचा चहाचा गोल डाग पुसत होते.

"मी तुले काय लिहाले शिकवलं होतं? डाव्याले डावा."

तुम्ही चहा संपवलात. उठलात. फाटकापाशी वळून म्हणालात, "चाचीले सांगतो, पोरीनं चहा मस्त केला म्हनून. झूट हाय, पन सांगतो."

तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. तीन दिवसांनी जुम्म्याच्या दुपारी नमाजहून येऊन तुम्ही खाटेवर पडलात आणि उठला नाहीत. चाची म्हणतात, काही त्रास झाला नाही. मला तेही मान्य करवत नाही. मला वाटत राहिलं की माझ्या त्या टेबल पुसण्यानं तुम्हाला त्रास झाला. तुम्ही एक गोष्ट सांगायला आला होता आणि मी ती तुमच्या तोंडातून काढून घेतली, खडू काढून घ्यावा तशी. कबरीवर माती द्यायला बाबा गेले. मी घरात बसून राहिले आणि रागावले. तुमच्यावर. आता मी काय लिहू, हे न सांगता गेलात म्हणून.

आठ दिवसांनी मी अहवाल लिहिला. वाऱ्याची ताकद तीन, आणि ती कशावरून: क्लिप, टेप, सोललेले साग, पिळलेला मोह, निळा पत्रा. त्याच परिच्छेदात पुढचं वाक्य लिहिलं, की या पत्र्याच्या कडेच्या चारपैकी तीन भोकांत हूक नव्हते. नवा परिच्छेद केला नाही. केला असता तर कुणी पहिलाच वाचून थांबलं असतं. सरांनी फोनवर विचारलं, दुसरं वाक्य नक्की ठेवायचं आहे का, तो माणूस तुझ्या ओळखीचा होता ना? मी हो म्हटलं. दोन्ही प्रश्नांना.

परवा जंगलातून पत्रा पाहून मी तशीच गावात गेले. तेच गोदाम, वर आभाळ. या वेळी मी कागद वाचला नाही. फोटो मोठा करून आणला होता, तो भिंतीला टेकवून उभा केला आणि सांगितलं. तुमच्या शब्दांत सांगितलं, चाचा: चिमणी, घार, चिठ्ठीसारखा गुंडाळलेला पत्रा. एक बाई मान हलवत होती. मग मी फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. म्हटलं, हे फाटलेलं भोक म्हणजे इथे हूक होता. ही तीन गोल आहेत. इथे नव्हता.

मी वाट बघत होते, कुणी तरी तुमचं नाव घेईल, शिवी घालेल. तुम्ही दारापाशी टोपी हातात धरून उभे नव्हता आणि तरी मी तिकडे बघितलं.

गोविंदाभाऊ पुढे आले. फोटोसमोर उकिडवे बसले. मग वर न बघता त्यांनी विचारलं.

"हूक असते तं राह्यलं असतं का छप्पर?"

हा प्रश्न येणार, हे मला माहीत होतं. रात्रंदिवस माहीत होतं. तीनच्या वाऱ्यात चांगली बसवलेली छपरंही जातात. ‘गेलंच असतं’ म्हणायला जागा होती. तुमच्यासाठी ते म्हणावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. काही छपरं टिकतातही. एका पत्र्यावरून ते कळत नाही, क्लिपवरून कळत नाही, कुठल्याच तक्त्यात ते नाही.

"माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं. "मला खरंच माहीत नाही."

गोविंदाभाऊंनी फोटोतल्या एका गोल भोकावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हमीदभाऊ बी हेच म्हनला."

मला समजलं नाही.

"बुधवारी आला होता थो माह्या घरी. जाच्या दोन दिवस आंधी. खाली बसला, खाट देल्ली तं बसला नाई. म्हने, हूक सरले होते, दुसऱ्या दिवशी गोदामाची पूजा होती, मंग येतो म्हनून गेलो अना राह्यलंच. मले ठाऊक होतं थे. मी इथीच होतो त्या दिवशी. शेवंताच बोलली होती त्याले, ‘लावजा मंग भाऊ, गोदाम का कुठी पळून जाते?’ थो रडला. मंग मी त्याले हेच इचारलं. हूक असते तं? म्हटलं आता म्हनन, हवा मोठी होती, गेलंच असतं. तुमचा आकडा तं वाढूनच राह्यला होता, गावाले खबर होती. पन नाई म्हनला थो. म्हने, मले माहीत नाई गोविंदा."

बुधवार. म्हणजे आमच्याकडे चहा प्यायलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तोंडातून काढून घेतलेली गोष्ट तुम्ही तशीच उचलून, मोपेडवर घालून, ज्याची होती त्याच्याकडे नेलीत. मला वाटत होतं, मी तुमची गोष्ट उघडी केली. ती तुम्ही आधीच उघडी केली होती. मी फक्त तुमच्या मागून तिथे पोचले.

"तुमी पहिल्यांदा ‘कमजोर’ म्हनल्या होत्या, थे मले झोंबलं होतं," गोविंदाभाऊ उठताना म्हणाले. "कमजोर हवेनं मरनारी बाई नव्हती थे."

सागावरचा पत्रा काढून आणायचा का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. राहू दे तिथेच.

नवे पत्रे गोदामाच्या भिंतीला लावून ठेवले आहेत. तुमच्याच हाताखाली शिकलेले गडी बसवणार आहेत. निघताना गोविंदाभाऊंनी मला थांबवलं. म्हणाले, तुम्ही लहानपणी हमीदभाऊच्या पत्र्यांवर लिहायच्या ना, तो सांगत होता. मग तीन दिवसांनी पत्रे बसवायला घेऊ, तेव्हा या. हूक लागला की त्या भोकापाशी खूण करायची, एकही सुटता कामा नये, आणि आम्हाला चष्मे लागले आहेत.

चाचींनी तुमच्या पेटीतून खडू काढून दिला आहे. अर्धा झिजलेला, एका बाजूनं तुमच्या अंगठ्यानं चपटा झालेला. मी उद्या सकाळी निघते आहे. मराठीत लिहीन, चाचा.